माझी आवड कोणती, हेच मला कळत नाही

यावल तालुक्यातील एका 22 वर्षांच्या वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यातील मुख्य भाग असा:

“मी यंदा रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. बारावीनंतर एक वर्ष नीटसाठी दिले होते, पण मार्क पडले नाहीत. आता पुढे काय करायचे, हे ठरत नाही. अण्णांचे म्हणणे, अकादमी लावून एमपीएससीची तयारी करावी. हिंजवडीत नोकरीला असलेला आत्याचा मुलगा सांगतो, सहा महिन्यांचा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स कर, लगेच लागशील. आईला वाटते, बी.एड. झालेली मुलगी असली की स्थळ चांगले मिळते. दहावीला 2019 मध्ये कलचाचणी झाली होती, तिच्यात माझा कल कृषी आणि आरोग्याकडे आला. पण शेती भावाची आहे आणि नीटचे असे झाले, म्हणून तो कागद फाईलमध्येच राहिला. मैत्रिणींना काही ना काही आवडते. मला नेमके काय आवडते, हेच कळत नाही. मागच्या उन्हाळ्यात आमच्या नवतीतील (केळीच्या नव्या लागवडीतील) एक पट्टा पिवळा पडला, तेव्हा महिनाभर माती-पाण्याचे रिपोर्ट घेऊन बसले होते, तेवढाच काय तो माझा उद्योग. वहीच्या दोन पानांचे फोटो गंमत म्हणून पाठवते आहे. यंदा कुठे प्रवेश घेतला नाही तर घरात स्थळे पाहायला सुरुवात होईल. आवड ओळखायची कशी आणि तिच्यावरून मार्ग ठरवायचा कसा?”

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रात उत्तराची सुरुवात ज्या वाक्यात आहे, ते वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे आणि त्याला ‘तेवढाच काय तो माझा उद्योग’ अशी पुस्तीही जोडली आहे. गंमत म्हणून पाठवलेली ती दोन पाने मी सावकाश वाचली. पहिल्या पानावर विहिरीचे पाणी आणि ट्यूबवेलचे पाणी असे दोन रकाने असून त्यांत सामू (पीएच), क्षार आणि बायकार्बोनेट यांचे आकडे आहेत. त्याखाली जमिनीच्या जुन्या व नव्या अहवालातील सेंद्रिय कर्ब, लोह आणि जस्त यांचे आकडे शेजारी शेजारी मांडलेले आहेत. दुसऱ्या पानाच्या कडेला तुम्ही पेन्सिलने लिहिले आहे: ‘कोवळे पान पिवळे, शिरा हिरव्या. जुने पान ठीक. मग नत्र कसे?’ दुकानदाराने नत्रासाठी युरिया वाढवायला सांगितला होता, हेही तिथेच नोंदवलेले आहे. नत्र कमी पडले तर आधी जुनी पाने पिवळी होतात आणि लोह कमी पडले तर कोवळी, कारण लोह झाडात एका पानातून दुसऱ्या पानात सहज सरकत नाही; तापीकाठच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत सामू वर गेला आणि पाण्यातून बायकार्बोनेट येत राहिले की जमिनीत असलेले लोहसुद्धा मुळांना मिळेनासे होते. ही संगती तुम्ही स्वतः लावली आणि पिवळा पट्टा नेमका ट्यूबवेलच्या पाण्यावरचा आहे, इथपर्यंत पोहोचलात. हे काम तुम्हाला कोणी सांगितले नव्हते, त्याची परीक्षा नव्हती, त्याचे मार्क मिळणार नव्हते. आवड असलेल्या माणसाचे वागणे असेच असते. तुम्हाला ती ओळखता आली नाही, कारण तुम्ही आवड एखाद्या विषयाच्या किंवा पदाच्या नावात शोधत आहात.

या सदराकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत हाच घोळ असतो. ‘रसायनशास्त्र आवडते का’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणे कोणालाही कठीण जाईल, कारण त्या एका नावाखाली परस्परांशी फारसा संबंध नसलेली डझनभर कामे येतात. आवड क्रियापदात शोधावी लागते. त्या महिन्यात तुम्ही उन्हात फिरून मातीचे नमुने घेतलेत, प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी थांबलात, आकडे जुळवलेत, दुकानदाराशी मतभेद पत्करलेत, अण्णांना पटवून दिलेत आणि बहुधा शेजारच्या मळ्यातील कोणी विचारायला आले असेल तर त्यांनाही समजावून सांगितलेत. या सहा कामांपैकी कोणते करताना वेळेचे भान राहिले नाही आणि कोणते केवळ इलाज नव्हता म्हणून केले, हे तुमच्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही, आणि सगळा पुढचा विचार त्या उत्तरावर उभा राहणार आहे. आकडे जुळवून कारण हाती लागले, तो क्षण सर्वांत सुखाचा असेल तर तुमचा ओढा शोधण्याकडे, विश्लेषणाकडे आहे. अण्णांच्या चेहऱ्यावर ‘पटले’ असे दिसले, तो क्षण सुखाचा असेल तर समजावण्याकडे आहे, आणि मग आईच्या बी.एड.च्या सूचनेकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागेल. दुकानदाराचा सल्ला चुकीचा ठरवून योग्य मात्रा आणून ती चालवून दाखवण्यात समाधान वाटले असेल, तर तुमच्यात व्यवसायाची वृत्ती आहे. स्वतःला एक प्रश्न विचारून पाहा: तो पट्टा तुमच्या शेतातला नसता, अनोळखी माणसाचा असता आणि तुमचे नावही कोणाला कळणार नसते, तरीही तुम्ही ती वही भरली असती का? उत्तर ‘हो’ असेल तर ओढ कामाची आहे. उत्तर ‘नाही’ असेल तर ती घराविषयीच्या जिव्हाळ्याची आहे. दुसरे उत्तरही कमी मोलाचे नाही, फक्त त्यावरून निघणारा मार्ग निराळा असतो.

कलचाचणीचा तो कागद फाईलमधून बाहेर काढा, पण त्याच्याकडून जास्त मागू नका. राज्य मंडळाने 2016 पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची ती चाचणी घेतली. अशा चाचण्यांमागील विचार बराच जुना आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी 1959 मध्ये माणसांच्या आवडींचे आणि कामाच्या वातावरणांचे सहा प्रकार मांडले (हातांनी करण्याचे, शोधण्याचे, कलेचे, माणसांत मिसळण्याचे, पुढाकाराचे आणि नोंदी व शिस्तीचे) आणि ज्याच्या स्वभावाशी कामाचे वातावरण जुळते तो त्या कामात टिकतो, असे सांगितले. सोळाव्या वर्षी दिलेल्या उत्तरांवरून दिशा कळते, मुक्काम कळत नाही. तरीही एक गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी नाही. कृषी आणि आरोग्य हे तुमच्या अहवालातले दोन शब्द आणि पिवळ्या पानावरून रोगाचे निदान करणारी तुमची वही यांचा मेळ बसतो. नीट हुकली म्हणून आरोग्याचे दार बंद झाले आणि शेती भावाची म्हणून कृषीचे, असा हिशेब तुम्ही केलात. परंतु पिकाचे, जमिनीचे, पाण्याचे आणि अन्नाचे आरोग्य तपासणारी माणसेही लागतात, आणि त्यांच्या कामाचा पाया रसायनशास्त्र हाच असतो.

‘शेती भावाची आहे’ या तीन शब्दांपाशी मला थोडे थांबायचे आहे. 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. भावाशी वाटणीचा विषय काढा, असे मी मुळीच सुचवत नाही. तुमच्या घरातील सलोखा हे कदाचित तुमचे सर्वांत मोठे मूल्य असेल आणि ते जपण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. मुद्दा असा आहे की एक पर्याय तुम्ही तोलून पाहिला नाही, तो तुमच्या मनात येण्यापूर्वीच कोणीतरी खोडून ठेवलेला होता. आपल्याकडील मुलींच्या बाबतीत हे वारंवार होते, आणि मग उरलेल्या तीन-चार पर्यायांत आवड सापडत नाही म्हणून त्या स्वतःलाच दोष देतात. शेतात राबणे आणि शेतीविषयक ज्ञानाच्या जोरावर उपजीविका करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी सातबाऱ्यावर नाव असण्याची गरज नाही.

आता मूल्यांविषयी. आवड म्हणजे काय करायला बरे वाटते. मूल्य म्हणजे कशासाठी त्रास सोसायची तयारी आहे. मूल्यांची यादी करायला बसले की सगळेच जण प्रामाणिकपणा, कुटुंब, समाजसेवा असे लिहितात आणि त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. मूल्य कळते ते दोन चांगल्या गोष्टींपैकी एक सोडावी लागते तेव्हा. आपल्या खान्देशात आवडीच्या मागे जाण्याचे उदाहरण म्हणून चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (1912–1989) यांचे नाव आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांची छायाचित्रे पाहून भारावणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की परदेशात कला शिकून आलेल्या या माणसाने मुंबईसारख्या शहरात नाव कमावण्याऐवजी चाळीसगावातील आपल्या घरात जवळजवळ एकांतवासात कित्येक दशके काढली. एकांत आणि साधना यांचे मोल त्यांच्या लेखी प्रसिद्धीहून अधिक होते आणि ती किंमत त्यांनी जन्मभर मोजली. तीच आवड असलेल्या दुसऱ्या माणसाला ते आयुष्य तुरुंगासारखे वाटले असते. म्हणून आवड एकच असली तरी मूल्ये वेगळी असली की मार्ग वेगळा होतो.

तुमची मूल्ये शोधायला दूर जायला नको. नीटसाठी दिलेले वर्ष आठवा. त्या वर्षी सर्वांत जास्त काय बोचले: मैत्रिणी पुढे गेल्या हे, घरचा पैसा खर्च झाला हे, की दिवसभर पाठांतर करून हाती काही उमगल्याचा आनंद मिळत नव्हता हे? पहिले बोचले असेल तर तुम्हाला बरोबरीच्या मान्यतेची गरज आहे. दुसरे बोचले असेल तर स्वावलंबन तुम्हाला महत्त्वाचे वाटते. तिसरे बोचले असेल तर स्पर्धा परीक्षेच्या तयारीची दोन-तीन वर्षे तुम्हाला फार जड जातील. तसेच गावाविषयीही स्वतःला विचारा. पुण्यातील खोलीवर राहण्याच्या कल्पनेने सुटल्यासारखे वाटते की उदास वाटते, याचे उत्तर कोणत्याही चाचणीपेक्षा तुम्हाला लवकर देता येईल.

अण्णांचा आग्रहही याच दृष्टीने वाचला पाहिजे. यावल-रावेरच्या केळी उत्पादकाने मे-जूनच्या वादळात घडांनी लगडलेली बाग एका रात्रीत आडवी झालेली पाहिलेली असते, सीएमव्ही या विषाणूजन्य रोगाच्या वर्षी लावलेली रोपे उपटून फेकलेली असतात, आणि माल तयार असताना भाव कोसळण्याचा अनुभव तर नेहमीचाच. अशा माणसाला आपल्या मुलीची मिळकत दर महिन्याला ठरलेल्या तारखेला यावी असे वाटणे हा हट्ट नव्हे. ते त्यांच्या अनुभवातून आलेले मूल्य आहे. अण्णांना अधिकाऱ्याची खुर्ची हवी आहे की तुमच्या आयुष्यात अनिश्चितता नको आहे, हे त्यांना शांतपणे विचारा. बहुतेक वडिलांचे उत्तर दुसरे असते, आणि ते तसे निघाले की चर्चा एमपीएससी की एम.एस्सी. या भांडणातून बाहेर पडून निश्चित मिळकत आणखी कोणत्या मार्गांनी मिळेल, इकडे वळते.

पुढे आलेल्या पर्यायांविषयी माझे मत स्पष्ट सांगते. सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कोर्सविषयी तुमच्या पत्रात ‘लगेच लागशील’ यापलीकडे एकही शब्द नाही, तुमच्या वहीतही त्याचा मागमूस नाही. तेव्हा तो बाजूला ठेवण्यात काही गमवाल असे मला वाटत नाही. एमपीएससीच्या बाबतीत दोन गोष्टी तपासा. महाराष्ट्र कृषि सेवेच्या पदांसाठी कृषी शाखेची पदवी लागते, त्यामुळे ‘कृषी खात्यात जाईन’ या विचाराने तयारीला लागू नका. आणि खुल्या प्रवर्गासाठी 38 व मागास प्रवर्गासाठी 43 अशी वयोमर्यादा असल्याने ही तयारी कधी थांबवायची, हे कोणीच सांगत नाही. दहा-दहा वर्षे अभ्यासिकेत काढलेली हुशार मुले जळगावात आणि धुळ्यात कमी नाहीत. जायचेच असेल तर किती प्रयत्न करणार, हे पहिल्या दिवशी लिहून अण्णांच्या हाती द्या. बी.एड.ला दोन वर्षे लागतात, आणि ती देण्याआधी शेजारच्या दोन-चार मुलांना महिनाभर दहावीचे विज्ञान शिकवून पाहा. तोच धडा तिसऱ्यांदा समजावताना उत्साह टिकला तर त्या मार्गाचा गंभीरपणे विचार करा. केवळ स्थळासाठी मात्र करू नका. ज्या घराचा पत्ता अजून कोणालाच ठाऊक नाही, त्या घराच्या सोयीसाठी आज दोन वर्षे खर्च करणे मला मान्य नाही.

पत्रात न आलेले पर्याय अधिक जवळचे आहेत. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात आणि परिसरातील अनेक महाविद्यालयांत रसायनशास्त्राची एम.एस्सी. करता येते, 1990 मध्ये हे विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी खान्देशातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, ती अडचण तुमच्या पिढीला नाही. तुमचा कल पाहता विश्लेषणात्मक रसायनशास्त्र हा विशेष विषय जिथे असेल ते ठिकाण शोधा. या पदव्युत्तर पदवीने माती, पाणी व अन्नाच्या प्रयोगशाळा, खते, ठिबक आणि अन्नप्रक्रिया उद्योगांतील गुणवत्ता तपासणी असे मार्ग खुले होतात. शिवाय अन्नसुरक्षा अधिकारी या पदासाठी रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी ग्राह्य धरली जाते, म्हणजे अण्णांना हवी असलेली सरकारी सेवा आणि तुम्हाला जमणारे काम एका ठिकाणी येऊ शकते. दुसरीकडे, खत आणि कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी लागणारी शैक्षणिक अट रसायनशास्त्राच्या बी.एस्सी.ने आजच पूर्ण होते. ज्या दुकानदाराने लोहाच्या कमतरतेवर युरिया सांगितला, त्याच्या शेजारी अहवाल वाचून सल्ला देणारे कृषी सेवा केंद्र तुम्ही चालवले तर तुमच्या भागातील शेतकऱ्यांचे किती पैसे वाचतील, याची कल्पना तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आहे. उधारीचा धंदा, हंगामातली धावपळ आणि वसुली मात्र त्यासोबत येतेच, ती झेपेल का याचाही विचार करा.

यापैकी काहीही निवडण्यापूर्वी ते काम जवळून पाहा, आणि त्यातला कंटाळवाणा भाग पाहा. पाल येथील कृषी विज्ञान केंद्र तुम्हाला लांब नाही. जळगावात जिल्ह्याची मृद चाचणी प्रयोगशाळा आणि राहुरी कृषी विद्यापीठाचे केळी संशोधन केंद्र आहे. तिथे जाऊन ‘स्कोप किती आहे’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर प्रत्येक जण आपल्या मनःस्थितीप्रमाणे देतो. सकाळी आल्यापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत काय काय केले, महिन्यातून किती दिवस तेच ते करावे लागते, या कामातले काय सोडून द्यावेसे वाटते, असे विचारा. माती वाळवणे, कुटणे, चाळणे, शेकडो पिशव्यांवर क्रमांक घालणे हे मृद तपासणीतले खरे दिवसभराचे काम आहे. निदानाचा आनंद त्यात क्वचित वाट्याला येतो. परवानगी मिळाली तर आठवडा-दोन आठवडे विनामोबदला हाताखाली काम करा. पिशव्यांवर क्रमांक घालतानाही तुम्हाला पुढच्या आकड्याची उत्सुकता राहिली, तर या बाबतीत तुमच्या आवडीविषयी शंका उरणार नाही. कंटाळा आला तर दोन वर्षांची पदवी घेण्याआधीच ते कळले, हे चांगलेच झाले.

लग्नाविषयी एवढेच. 22 व्या वर्षी घरात स्थळांची चर्चा सुरू होणे आपल्याकडे नवे नाही आणि आई-अण्णांना तुमची काळजी आहे हेही खरे. पण प्रवेश घेतला तर स्थळे थांबतील, या कारणासाठी कुठेही प्रवेश घेऊ नका. तो घेतलेला वेळ असतो, निवडलेला मार्ग नसतो, आणि दोन वर्षांनी हाच प्रश्न जास्त घाईने समोर येतो. शिकायचे आहे, काय शिकायचे आहे आणि ते झाल्यावर काय काम करायचे आहे, हे तीन वाक्यांत सांगता आले तर घरचे ऐकून घेण्याची शक्यता वाढते. पुढे स्थळ आले, तर तीच तीन वाक्ये पाहुण्यांसमोर बोलणी पक्की होण्यापूर्वी सांगायची, आणि ती अण्णांनी सांगावीत, असा आग्रह धरा.

विद्यापीठाची एम.एस्सी. प्रवेशाची मुदत पाहून ठेवा आणि अर्ज भरा. अर्ज भरणे म्हणजे प्रवेश घेणे नव्हे. अकादमीचे शुल्क या महिन्यात भरायचे ठरले असेल तर ते प्रयोगशाळेतील पंधरवडा पूर्ण होईपर्यंत थांबवण्याची विनंती अण्णांना करा. बोलायला बसाल तेव्हा कलचाचणीचा अहवाल नेऊ नका, ती वही न्या, आणि ट्यूबवेलच्या पाण्याचा रकाना उघडून त्यापासून सुरुवात करा, कारण त्या पट्ट्यावरचा तुमचा निष्कर्ष अण्णांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे.